खाड्यांनी राखलेला रस्ता: हरिहरेश्वर ते रत्नागिरी, सायकलने

हरिहरेश्वरहून निघून बाणकोट, दाभोळ आणि जयगड या तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडत रत्नागिरीला पोहोचणारा किनाऱ्याचा रस्ता मी या जानेवारीत दुसऱ्यांदा सायकलने केला. पहिल्या खेपेला आठ वर्षे झाली. तेव्हा मी एकटी होते, या वेळी माझा भाचा सोबत होता. पाच दिवस, आमच्या मीटरवर २१० किलोमीटर आणि सगळे चढ मिळून साडेतीन हजार मीटरांहून थोडे अधिक, असा हा हिशेब झाला. रहदारीपासून दूर राहून गावागावांतून जाणारा, सायकलस्वाराला मागे वळून न पाहता चालवू देणारा डांबरी रस्ता महाराष्ट्रात कुठे आहे, असे कोणी विचारले तर मी याच रस्त्याचे नाव घेते. मात्र या शिफारशीला काही अटी आहेत आणि त्या तपशिलाने सांगितल्याच पाहिजेत, कारण ‘सागरी महामार्ग’ हे या रस्त्याचे नाव ऐकून नारळीच्या रांगेतून जाणारा सपाट रस्ता डोळ्यांसमोर आणणारे सायकलस्वार पहिल्याच दुपारी रस्त्याकडेला हताश होऊन बसलेले मी पाहिले आहेत.

हा रस्ता शांत का आहे, हे आधी समजून घेतले म्हणजे तो कुठे शांत असेल आणि कुठे नसेल, याचा अंदाज नकाशावरूनही करता येतो. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून बराच आत, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर अशा गावांवरून जातो. सह्याद्रीतून निघालेल्या कोकणातल्या नद्या थोडक्यात समुद्राला मिळतात आणि मुखाशी रुंद खाड्या करतात: सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची. महामार्ग या नद्या आत, जिथे त्यांचे पात्र आटोपशीर आहे तिथे ओलांडतो. किनाऱ्याचा रस्ता मात्र प्रत्येक खाडीपाशी येऊन थांबतो आणि पलीकडच्या तीरावर पुन्हा सुरू होतो. मुंबईहून माल घेऊन दक्षिणेकडे निघालेला ट्रक त्यामुळे इकडे फिरकतच नाही. दोन खाड्यांच्या मधला रस्ता त्या दोन खाड्यांमधल्या गावांपुरताच उरतो. त्यावर एसटी असते, वडाप रिक्षा असते, मासळीचा टेम्पो असतो, शाळेतून परतणारी मुले असतात आणि क्वचित चिऱ्यांनी भरलेला ट्रक असतो. वेळासहून केळशीकडे जाताना दीड तासात आम्हाला अकरा वाहने भेटली. त्यांतल्या सात दुचाक्या होत्या आणि त्यांवरच्या जवळपास प्रत्येकाने हात वर करून विचारपूस केली.

म्हणूनच या रस्त्याचे परीक्षण करायचे तर सुरुवात फेरीबोटीपासून करायला हवी. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाहने नेणारी बोट २००३ साली सुरू झाली. आता तशीच सेवा बागमांडला-वेसवी आणि तवसाळ-जयगड येथेही आहे. तिकडे या बोटीला सर्रास ‘जंगलजेट्टी’ म्हणतात. जुनी माणसे अजून ‘तर’ म्हणतात. दापोलीहून गुहागरला रस्त्याने जायचे तर खेड आणि चिपळूण करत शंभर किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो, तो इथे दहा-पंधरा मिनिटांच्या पाण्यावरच्या प्रवासात मिटतो. सायकलीला वेगळे तिकीट पडते, पण ते एका नाश्त्याहून स्वस्त आहे. शनिवार-रविवारी मोटारींची रांग धक्क्यापासून वर वळणापर्यंत लागलेली असते, त्या रांगेत सायकलस्वाराला थांबावे लागत नाही. बोटीवरचा माणूस हात करून पुढे बोलावतो आणि कठड्याला टेकवून सायकल उभी करायला जागा दाखवतो. तिन्ही ठिकाणी मला हा अनुभव आला आणि दोन्ही खेपांना आला. वेळापत्रक धक्क्यावर लावलेले असते आणि ते पाळले जाते. कर्मचारी कामात तरबेज आहेत, वागण्यात मोकळे आहेत आणि सायकलस्वार म्हणून मला या सेवेबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

धक्क्याबद्दल मात्र एक सूचना द्यायलाच हवी, कारण ती कोणी आम्हाला दिली नव्हती. हे धक्के पाण्याकडे उतरत जाणारे सिमेंटचे उतार असतात. भरतीच्या वेळी बोट वरच्या, कोरड्या भागाला लागते. ओहोटीला ती खाली लागते आणि मग सहा तास पाण्याखाली राहिलेला, हिरव्या शेवाळाने माखलेला पट्टा ओलांडून बोटीच्या लोखंडी फळीवर चढावे लागते. अशाच एका धक्क्यावर भाचा पेडलला अडकणाऱ्या बुटांनिशी, एका हाताने सायकल धरून, मोबाइलवर चित्रण करत उतरत होता. बुटाच्या तळाची लोखंडी पट्टी शेवाळावर टेकली मात्र, दोन्ही पाय एकदम पुढे गेले आणि तो सायकलीसकट बसता बसता थेट फळीच्या कडेपर्यंत घसरत गेला. कोपर सोलपटले, मागच्या गिअरचा पत्रा आत वाकला. बोटीवरच्या माणसाने त्याला उठवले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “ताई, तुम्ही आधी बूट काढा. शेवाळावर लोखंड टिकत नाय.” मी अनवाणी उतरले. तेव्हापासून प्रत्येक धक्क्यावर आम्ही बूट पिशवीला बांधून, ब्रेक दाबून धरून, सायकल शरीराच्या खालच्या बाजूला न घेता वरच्या बाजूला घेऊन उतरत गेलो. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री पाहून ठेवाव्यात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा एकदा कळले की पुढच्या दिवसांचा हिशेब आपला आपल्याला करता येतो.

आता चढांविषयी. किनाऱ्यालगत समुद्राच्या पातळीवर वाडी, नारळी-पोफळीची आगरे आणि देऊळ. त्यामागे जांभ्या दगडाचा उभा चढ. वर माळासारखा पसरलेला उघडा सडा. आणि पलीकडे पुन्हा खाडीकडे किंवा पुढच्या वाडीकडे उतरणारा उतार, अशी या सगळ्या मुलखाची घडण आहे. रस्ता ही घडण इमानेइतबारे पाळतो. म्हणजे प्रत्येक गावातून निघताना शंभर-दीडशे मीटर चढायचे, सड्यावर दोन-चार किलोमीटर मोकळे चालवायचे आणि मिळवलेली सगळी उंची पाच मिनिटांत घालवून पुढच्या गावात शिरायचे. दिवसातून पाच-सहा वेळा हे होते. एकेक चढ दोन-तीन किलोमीटरांचाच असला तरी वळणावर तो इतका उभा होतो की पुढचे चाक हलके पडू लागते. पुण्याच्या आसपास सासवड किंवा मुळशीकडे फिरणाऱ्यांच्या सायकलींना जे गिअर असतात ते इथे अपुरे पडतात. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांचे दात निदान सारखे असावेत, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सामान लादलेले असेल तर त्याहूनही हलका गिअर लागेल. भाच्याने भाड्याने आणलेली सायकल शर्यतीच्या बांधणीची होती. “मावशी, मी हळू चालवतच नाही, मला उतरावंच लागतं,” असे तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, आणि ते खरे होते. ज्या दुकानातून ती आणली त्याने मार्ग विचारूनही हीच सायकल सुचवली, याचा मला खेद आहे.

याच मुलखातल्या मुरुड गावातून, विद्यार्थी असताना, धोंडो केशव कर्वे परीक्षेला बसण्यासाठी सोबत्यांबरोबर साताऱ्यापर्यंत पायी गेले होते आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नव्हते. १९५८ साली भारतरत्न मिळालेल्या या माणसाची ही हकीगत मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. पण तिच्यातल्या ‘पायी’ या शब्दाचा अर्थ मला लाडघरच्या पुढचा चढ दुपारी दोन वाजता चढताना कळला.

टप्प्याटप्प्याने सांगायचे तर वेसवीला उतरल्यावर पहिले काही किलोमीटर खाडीच्या काठाने, जवळजवळ सपाट आहेत. उजव्या हाताला सावित्रीचे पाणी, डाव्या हाताला डोंगर आणि वर बाणकोटचा किल्ला, ज्याला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. पुढे वेळास लागते. नाना फडणविसांचे हे मूळ गाव आता समुद्री कासवांसाठी ओळखले जाते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, पिल्ले समुद्रात सोडतात त्या दिवसांत, शनिवार-रविवारी गावात मोटारींची दाटी होते, तेव्हा सायकलने जाणाऱ्याने आठवड्याचा मधला दिवस पाहावा. आम्ही गेलो तेव्हा गावात आमच्याखेरीज कोणी पाहुणे नव्हते. वेळासच्या मागून रस्ता सड्यावर चढतो, भारजा नदीकडे उतरतो आणि पूल ओलांडून केळशीत येतो. रस्त्याची प्रत मध्यम आहे. दोन ठिकाणी डांबर पूर्ण गेलेले होते आणि तांबडी माती चेनला चिकटून करकर वाजू लागली, म्हणून संध्याकाळी चेन पुसून पुन्हा तेल द्यावे लागले.

केळशीहून आडे आणि तिथून पाडलेमार्गे आंजर्ले, हा तुकडा एखाद्या संपूर्ण सहलीच्या तोडीचा आहे. आड्याच्या पुढे रस्ता समुद्राच्या इतका जवळ येतो की भरतीच्या लाटांचा तुषार हँडलवर बसतो आणि ओठांना खारट चव लागते. सकाळी साडेसातला आम्ही तिथे होतो. डोंगराची सावली अजून रस्त्यावर होती, पाण्यावर ऊन आले होते. रस्त्याच्या कठड्यालगत जाळी पसरून त्यावर एक बाई सुकट वाळत घालत होत्या. मूठ उघडून, मनगट फिरवून, बियाणे पेरावे तशी. आम्हाला पाहून त्यांनी जाळीचा कोपरा पायाने अलगद आत ओढला, म्हणजे चाक त्यावरून जाऊ नये. तेवढ्या अर्ध्या तासात एक एसटी आली, तिच्या चालकाने वळणाच्या आधीच वेग कमी केला आणि आम्ही कडेला होईपर्यंत मागे थांबला. कोकणातले एसटी चालक सायकलस्वाराशी ज्या समजुतीने वागतात ती मला शहरातल्या कुठल्याही रस्त्यावर आढळलेली नाही. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जायचे असेल तर सायकली खाली ठेवून पायऱ्यांनी जाणे उत्तम; मोटारींचा रस्ता वरपर्यंत जातो, पण तो चढ त्या दिवसाच्या खात्यात जमा होतो हे लक्षात ठेवावे.

हर्णे बंदरापासून मुरुड-कर्देपर्यंतचा पट्टा मी लवकर उरकण्याचा सल्ला देईन. सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून सुरेख दिसतो आणि बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहण्यासारखा आहे, हे खरे. पण बर्फाचे टेम्पो, पर्यटकांच्या गाड्या आणि अरुंद बाजार यांमुळे सायकल चालवण्याचा आनंद तिथे मिळत नाही. लाडघर ओलांडले की पुन्हा सगळे शांत होते. बुरोंडी, कोळथरे, पंचनदी करत दाभोळला जाणारा रस्ता हा या प्रवासातला सर्वांत कष्टाचा भाग आहे. सड्यावर सावली नाही, पाणी नाही आणि दहा-बारा किलोमीटरांत दुकान नाही. निघताना प्रत्येकी दोन लिटर पाणी जवळ असलेच पाहिजे. या कष्टाची भरपाई कोळथऱ्याला होते: गर्द आगरांतून जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, कोळेश्वराचे देऊळ आणि दुपारीही न विझणारा गारवा. दाभोळचा शेवटचा उतार मात्र जपून उतरावा. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर मध्ये एकदा थांबून ते थंड होऊ द्यावेत. बहामनी आणि आदिलशाही काळात परदेशी जहाजे ज्या बंदरात लागत, त्या बंदरावर आज फेरीबोटीची वाट पाहत चहा घेता येतो.

धोपाव्याहून गुहागरपर्यंतच्या रस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वीजप्रकल्पामुळे तो रुंद झाला आहे, वाहने वेगाने जातात, आणि सोळा-सतरा किलोमीटरांत मन रमेल असे थोडेच आहे. वेळ असेल तर अंजनवेलकडे वळून गोपाळगड पाहावा. गुहागरात व्याडेश्वराचे दर्शन घ्यावे, समुद्रावर सायंकाळी चालावे आणि लवकर झोपावे, कारण दुसऱ्या दिवसाचा रस्ता हा या साऱ्या प्रवासाचा कळस आहे.

गुहागरहून पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, रोहिले आणि तवसाळ, असा तो रस्ता आहे. पालशेतला उतरताना खाली आगरांचा हिरवा पट्टा एकदम उघडतो आणि त्यातून रस्ता बाजारात शिरतो. आम्ही पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. एका पडवीत सुपाऱ्या सोलण्याचे काम चालले होते आणि आडकित्त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. सायकल चालवताना आवाज ऐकू येतात, ही गोष्ट मोटारीने जाणाऱ्याला सांगून पटत नाही. पाटाने वाहणाऱ्या पाण्याचा आवाज, धनेश पक्ष्याच्या पंखांचा झपझप आवाज, शाळेतली प्रार्थना, लांबवर चिरेखाणीतल्या यंत्राची घरघर, हे सगळे आम्ही त्या एका सकाळी ऐकले. शेजारून चालणाऱ्या भाच्याशी मी सबंध चढभर हलक्या आवाजात बोलू शकले. मध्ये एकदाही कोणाला वाट देण्यासाठी एकामागे एक व्हावे लागले नाही. अडूरच्या पुढे उजव्या हाताला समुद्र दिसत राहतो, कलमांना मोहोर आलेला असतो आणि त्याचा तुरट-गोड वास सड्यापर्यंत येतो. वेळणेश्वरचा उतार उभा आहे. देवळापाशी थांबून पाणी भरून घ्यावे.

हेदवीला दशभुज गणेशाचे देऊळ आहे आणि समुद्रकाठी खडकातली बामणघळ आहे. भरतीच्या वेळी या अरुंद कपारीत पाणी शिरून उंच उसळते. आम्ही ऐन ओहोटीला पोहोचलो आणि एका कोरड्या भेगेकडे पाहून परतलो. धक्क्यासाठी ओहोटी वाईट आणि घळीसाठीही वाईट, तेव्हा त्या दिवसाची आखणी भरतीभोवती केली तर दोन्ही कामे साधतात. नरवण सोडल्यावर तवसाळपर्यंत शेवटचा मोठा सडा लागतो. इथे मी दुपारचे ऊन कमी लेखले होते. जानेवारीतही कातळ तापतो आणि खालून वर येणारी धग टोपीने थांबत नाही. साडेदहाच्या आत हा सडा ओलांडलेला बरा.

तवसाळच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहताना पुलाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी महामार्ग अखंड करण्यासाठी खाड्यांवर पूल बांधण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे आणि दाभोळ व जयगडच्या खाड्या त्यात आहेत. धक्क्यावर बसलेल्या एका आजोबांनी मला सांगितले की त्यांच्या घरी रात्री माणूस आजारी पडले तर शेवटची बोट गेल्यावर जयगड समोर दिसत असूनही लांबच्या वळशाने जावे लागते. त्यांच्यासमोर बसून मला रस्ता शांत राहावा म्हणून पूल नको, असे म्हणता येणार नाही, आणि मला तसे वाटतही नाही. पूल व्हायला हवेत. पण पूल झाले की मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या मोटारी याच रस्त्याने येतील, आणि अडूर-वेळणेश्वरची ती सकाळ उरणार नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून दोन गोष्टी आताच मागितल्या पाहिजेत असे मला वाटते. पुलांवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी असावी. आणि जिथे नवा रस्ता गावाबाहेरून काढला जाईल तिथे वाडीतून जाणारा जुना रस्ता दुरुस्त ठेवून त्यावर सायकल मार्गाच्या पाट्या लावाव्यात. आज या सबंध प्रवासात सायकलस्वारासाठी एकही पाटी नाही. दोन ठिकाणी आम्ही वाट चुकलो, मोबाइलला संपर्क नव्हता आणि गुरे घेऊन जाणाऱ्या एका मुलाने आम्हाला परत फाट्यापर्यंत आणून सोडले.

जयगडला उतरल्यावर पहिले काही किलोमीटर या प्रवासातले सर्वांत वाईट आहेत. बंदर आणि वीजप्रकल्प यांची जड वाहने इथून निवळीच्या दिशेने महामार्गाकडे जातात; रस्त्याला कड नाही आणि धूळ पुष्कळ. मुख्य रस्ता सोडून कऱ्हाटेश्वराकडे, समुद्राच्या बाजूला वळले की पुन्हा शांतता मिळते. मग उंडी, रीळ करत मालगुंड येते. केशवसुतांच्या जन्मगावी त्यांचे स्मारक आहे. कौलारू घर, ओटी आणि आवार इतके नीटनेटके राखले आहे की आम्ही ठरवल्यापेक्षा तासभर अधिक तिथे बसलो. गणपतीपुळ्याला गर्दी असते, मुक्काम मालगुंडलाच करावा. शेवटच्या दिवशी आरे-वारेचा रस्ता सकाळी सातच्या आत गाठला तर दोन्ही पुळणींच्या वरून जाणारे ते वळण आपल्या एकट्याचे असते. नऊनंतर तिथे फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यातच उभ्या राहतात.

मुक्कामाची सोय घरगुती निवासांत चांगली होते. केळशीला ज्या घरी उतरलो तिथे काकूंनी सायकली न विचारता पडवीत घेतल्या, त्यांवर जुने चादरीचे कापड टाकले आणि रात्री कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, डाळिंब्यांची उसळ आणि सोलकढी असे जेवण वाढले. दिवसभर घाम गाळलेल्या शरीराला सोलकढीइतके काही मानवत नाही, हा माझा दोन्ही खेपांचा अनुभव आहे. दुसऱ्या एका गावात मात्र आगाऊ पैसे भरूनही, सायकली आवारात आणल्या तर फरशी खराब होईल असे सांगून त्या रस्त्यावर ठेवायला लावल्या. रात्रभर मी दोनदा उठून पाहून आले. नोंदणी करताना सायकली आत ठेवता येतील का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. हो म्हणणारी घरेच जास्त आहेत. शाकाहारी माणसाची जेवणाची अडचण कुठेही होत नाही, पण दुपारी आयत्या वेळी जेवण मिळेलच असे नाही. सकाळी मुक्कामाच्या घरूनच पुढच्या गावातल्या खानावळीला फोन करून ठेवण्याची पद्धत आहे, तिचा उपयोग करावा.

सामानात टायरबद्दल तडजोड करू नये: निदान ३२ मिलिमीटर रुंदीचे, कारण जांभ्याची खडी धारदार असते. वाटेतल्या गावांत सायकल दुरुस्ती करणारे आहेत आणि ते कुशल आहेत. वाकलेला तो गिअरचा पत्रा दाभोळच्या अलीकडे एका दुकानात मोटारसायकलच्या पान्याने इतका अचूक सरळ झाला की पुढे एकदाही चेन उतरली नाही. पण बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हच्या ट्यूब आणि डिस्क ब्रेकचे पॅड त्यांच्याकडे मिळत नाहीत, ते सोबत न्यावेत.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. त्याआधी पावसाने उखडलेल्या रस्त्यांची दुरुस्ती झालेली नसते, त्यानंतर उकाडा वाढतो आणि भाजावळीचा धूर सकाळी खालच्या वाड्यांवर साचून राहतो. सोमवारी हरिहरेश्वरहून निघावे, म्हणजे केळशी, लाडघर, गुहागर आणि मालगुंड असे चार मुक्काम करून शुक्रवारी दुपारपर्यंत रत्नागिरी गाठता येते. तिन्ही फेरीबोटी आठवड्याच्या मधल्या, कमी गर्दीच्या दिवसांत मिळतात आणि आरे-वारेला शनिवारची वर्दळ सुरू होण्याआधी आपण पुढे निघून गेलेले असतो. परतीला कोकण रेल्वेने सायकल सामानाच्या डब्यातून पाठवता येते. त्यासाठी स्थानकावर गाडीच्या वेळेआधी दोन तास तरी पोहोचावे, पेडल काढून घ्यावेत आणि हँडल आडवे करून सुतळीने बांधून द्यावे.